सबवूफरची वायर जोडण्याआधी ओहमचं गणित करा

गेल्या पावसाळ्यात माझा मामेभाऊ भांडुपवरून गाडी घेऊन आला आणि आल्या आल्या डिकी उघडून म्हणाला, दादा, अ‍ॅम्प गेलाय वाटतं, जरा बघ ना. अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, स्टिरिओचा सिग्नल वाढवून सबवूफरला, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला देणारा डबा. काय होतंय विचारलं तर म्हणे सकाळी मस्त वाजतं, पण हायवेला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि आवाज जरा वर केला की पंधरा-वीस मिनिटांत बेस गायब, अ‍ॅम्पवरचा लाल दिवा लागतो, मग गाडी बंद करून थोडा वेळ थांबलं की परत चालू. ज्याने फिटिंग करून दिलं त्याने सांगितलं की अ‍ॅम्प खराब आहे, यापेक्षा मोठा घ्या. पोराने कितीतरी महिने पैसे साठवून ही सिस्टिम लावली होती, चेहरा अगदी उतरला होता.

मी अ‍ॅम्पमधून दोन्ही वूफरच्या वायर सोडवल्या, प्लस-प्लस आणि मायनस-मायनस एकत्र धरले आणि त्यांना मल्टिमीटर लावला. ०.९ ओहम. आणि अ‍ॅम्पच्या अंगावरच छापलेलं होतं, कमीत कमी २ ओहम. म्हणजे अ‍ॅम्प खराब नव्हताच, त्याला झेपणार नाही एवढा भार त्याच्या गळ्यात बांधला होता आणि तो जळू नये म्हणून स्वतःला बंद करून घेत होता. वायर तासाभरात बदलल्या, एक रुपया न घालवता, आणि तोच अ‍ॅम्प आजपर्यंत वाजतोय. त्या दिवसापासून ठरवलं होतं की हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं, कारण असे कितीतरी लोक असतील ज्यांनी चांगला अ‍ॅम्प भंगारात दिला असेल.

आधी ओहम म्हणजे नक्की काय ते बघू, शाळेतलं असलं तरी. अ‍ॅम्प वूफरला व्होल्टेज देतो आणि वूफरची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) त्यामुळे वाहणाऱ्या करंटला अडवते, ती किती अडवते ते ओहममध्ये मोजतात. व्होल्टेज भागिले ओहम म्हणजे करंट, बस, एवढंच सूत्र लागतं. ओहम अर्धा केला की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट. मामेभावाचा अ‍ॅम्प २ ओहमला ६०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणारी पॉवर) होता, त्याचा अर्थ त्या वेळी तो साधारण ३५ व्होल्ट आणि १७ अँपिअर बाहेर देतो. त्यालाच १ ओहम लावला तर तेवढ्या व्होल्टेजला ३५ अँपिअर ओढले जाणार, जे त्याच्या आतल्या ट्रान्झिस्टरना आणि पॉवर सप्लायला जमणारच नाही, मग गरम होणार आणि प्रोटेक्टला जाणार, म्हणजे स्वतःला बंद करणार. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये प्रोटेक्शन असतं म्हणून वाचतो, स्वस्तातल्या काही अ‍ॅम्पमध्ये ते नावापुरतंच असतं, तिथे सरळ जळका वास येतो.

आता सिरीज आणि पॅरलल. हे मी घरी सगळ्यांना दादरच्या पुलावरून समजावतो. गर्दी तीच, पण एक जिना संपला की लगेच दुसरा जिना चढायचा असेल तर लोक हळू सरकतात, अडवणूक वाढते, ही सिरीज. तेच दोन जिने शेजारी शेजारी असतील तर एकाच वेळी दुप्पट माणसं वर जातात, अडवणूक अर्धी होते, ही पॅरलल. म्हणून सिरीजमध्ये ओहमची सरळ बेरीज करायची, ४ अधिक ४ म्हणजे ८. पॅरललमध्ये सारख्या ओहमच्या कॉइल असतील तर एका कॉइलचा ओहम भागिले कॉइलची संख्या, म्हणजे ४ ओहमच्या दोन कॉइल २ ओहम होतात आणि चार कॉइल १ ओहम. वेगवेगळ्या ओहमच्या असतील तर गुणाकार भागिले बेरीज, पण वेगवेगळे वूफर एकत्र जोडूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ४ ओहमचा आणि २ ओहमचा वूफर पॅरललला लावले की २ ओहमवाल्याला दुप्पट पॉवर जाते आणि एक ठणठणीत वाजतो तर दुसरा नुसता हलतो.

खरेदीच्या वेळी सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वूफर सिंगल व्हॉइस कॉइलचा असतो किंवा ड्युअल व्हॉइस कॉइलचा, दुकानात एसव्हीसी आणि डीव्हीसी म्हणतात. सिंगलला एक प्लस एक मायनस, ड्युअलला दोन प्लस दोन मायनस. डीव्हीसी ४ ओहम असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पूर्ण वूफर ४ ओहमचा असा नाही, त्याची प्रत्येक कॉइल ४ ओहमची आहे. तो वूफर अ‍ॅम्पला ४ ओहमचा कधीच दिसणार नाही, पॅरलल केला तर २ आणि सिरीज केला तर ८. तसंच डीव्हीसी २ ओहमवाला १ किंवा ४ होतो. हे एवढं एक वाक्य लोकांना माहीत असतं तरी निम्मे अ‍ॅम्प वाचले असते.

म्हणून क्रम असा ठेवा की आधी अ‍ॅम्प कोणत्या ओहमला चालतो ते बघायचं आणि त्यावरून वूफर कोणत्या कॉइलचा घ्यायचा ते ठरवायचं. लोक नेमकं उलटं करतात, कुर्ल्याला सीएसटी रोडला जातात, जो वूफर दिसायला भारी तो उचलतात, मग त्याच्यावर जो अ‍ॅम्प बजेटमध्ये बसेल तो, आणि जोडणी काय ती दुकानातला पोरगा बघेल. तो पोरगा दिवसाला चार गाड्या करतो, त्याला जोरात वाजलेलं दाखवायचं असतं, आणि ओहम कमी केला की दुकानासमोर पाच मिनिटं खरंच जोरात वाजतं.

अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर बघा, ४ ओहमला किती वॉट, २ ओहमला किती, १ ओहमचा आकडा दिलाय का. जो सगळ्यात कमी ओहम दिलाय त्याच्या खाली जायचं नाही. १ ओहमचा आकडाच नसेल तर तो अ‍ॅम्प १ ओहमला चालत नाही असंच धरा. आणि वॉट बघताना आरएमएस बघा, खोक्यावरचं मोठ्या अक्षरातलं मॅक्स किंवा पीक विसरून जा. आकडा खरा आहे का ते बघायची एक साधी युक्ती म्हणजे अ‍ॅम्पवरचे फ्यूज. समजा २५ अँपिअरचे दोन फ्यूज आहेत, म्हणजे ५० अँपिअर, गुणिले गाडी चालू असतानाचे साधारण १३.८ व्होल्ट, झाले ६९०. क्लास डी अ‍ॅम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम असतो म्हणजे खरी पॉवर साडेपाचशे वॉटच्या आसपास. क्लास एबी या दुसऱ्या प्रकारचा असेल तर त्याहूनही बरीच कमी. आता त्याच अ‍ॅम्पच्या खोक्यावर ३००० वॉट लिहिलं असेल तर काय समजायचं ते तुम्हाला कळलंच.

मोनोब्लॉक अ‍ॅम्पवर (म्हणजे एकाच चॅनलच्या अ‍ॅम्पवर) बऱ्याचदा वूफरसाठी दोन प्लस आणि दोन मायनसचे स्क्रू असतात आणि बघणाऱ्याला वाटतं की हे दोन चॅनल आहेत, एका जागी एक वूफर आणि दुसऱ्या जागी दुसरा, दोघांना वेगवेगळं. तसं नाहीये. आतून दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र असतात, फक्त वायर घालायला सोपं जावं म्हणून दोन जागा. म्हणजे तिथे दोन वूफर लावले की ते पॅरललच झाले. मामेभावाच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं, वूफर दोन्ही डीव्हीसी ४ ओहमचे, प्रत्येकाच्या कॉइल आत पॅरलल करून तो २ ओहमचा केला होता, फिटरला वाटलं अ‍ॅम्प २ ओहमला चालतो म्हणजे बरोबर आहे, आणि मग दोन्ही वूफर अ‍ॅम्पच्या दोन जागांवर लावले, झाला १ ओहम.

दोन चॅनल किंवा चार चॅनलचा अ‍ॅम्प ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनल एकत्र करून एकच वूफर लावत असाल तर अजून एक खबरदारी. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला वूफरचा अर्धाच ओहम दिसतो. ४ ओहमचा वूफर ब्रिजला लावला की एकेका चॅनलला २ ओहम वाटतो. म्हणून अशा बहुतेक अ‍ॅम्पवर लिहिलेलं असतं की स्टिरिओ, म्हणजे चॅनल वेगवेगळे वापरले तर, २ ओहम चालेल पण ब्रिजला कमीत कमी ४. ब्रिजसाठी कोणत्या प्लसला आणि कोणत्या मायनसला जोडायचं याचं चित्र अ‍ॅम्पवरच असतं, ते बघूनच करा, अंदाजाने नको.

आता प्रत्यक्ष जोडण्या. एकच वूफर आणि तो एसव्हीसी असेल तर विषयच नाही, प्लसला प्लस, मायनसला मायनस. एकच डीव्हीसी असेल आणि पॅरलल करायचा असेल तर दोन्ही प्लस एका छोट्या तुकड्याने एकमेकांना जोडा, दोन्ही मायनस एकमेकांना, आणि मग एका प्लस-मायनसवरून अ‍ॅम्पला. सिरीज करायचा असेल तर पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला तुकड्याने जोडा, उरले पहिलीचा प्लस आणि दुसरीचा मायनस, ते दोन अ‍ॅम्पला. सिरीजला तुकडा एकच लागतो, पॅरललला दोन, हे लक्षात ठेवलं की नुसत्या डोळ्यांनी बघूनही कळतं काय केलंय ते.

दोन वूफर असले की मजा वाढते. दोन एसव्हीसी ४ ओहमचे पॅरलल केले तर २ ओहम, सिरीज केले तर ८. दोन डीव्हीसी २ ओहमचे असतील तर प्रत्येकाच्या कॉइल आत सिरीज करा म्हणजे प्रत्येक वूफर ४ ओहमचा झाला, मग दोघांना पॅरलल करा, झाला २ ओहम, आणि २ ओहमच्या अ‍ॅम्पला ही जोडी अगदी मापात बसते. पण हेच सगळं पॅरलल केलं तर अर्धा ओहम होतो, त्या वाटेला जाऊ नका, अर्धा ओहम झेपणारे अ‍ॅम्प स्पर्धेवाले लोक वापरतात आणि त्यांची बॅटरी, अल्टरनेटर सगळंच वेगळं असतं. दोन डीव्हीसी ४ ओहमचे असतील तर सगळं पॅरलल म्हणजे १ ओहम, आत सिरीज आणि बाहेर पॅरलल म्हणजे ४ ओहम, सगळंच सिरीज म्हणजे १६. मधला २ ओहम या जोडीतून चारही कॉइल वापरून निघतच नाही, कितीही डोकं लढवा. २ ओहमच्या मोनोब्लॉकला दोन डीव्हीसी ४ ओहम हे चुकीचं लग्न आहे, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं तेही हेच.

डीव्हीसीची एकच कॉइल लावून दुसरी मोकळी सोडली तर ओहम जुळतो की, असं कोणीतरी नक्की सुचवेल. वाजेल, पण वूफरची पॉवर घ्यायची ताकद निम्मी होते आणि त्याचा स्वभावही बदलतो, ज्या बॉक्समध्ये तो बसवलाय त्या बॉक्सचं गणित चुकतं. मला ते पटत नाही.

मामेभावाला मी सांगितलं की तुझ्याकडे दोन रस्ते आहेत, हे दोन्ही वूफर विकून डीव्हीसी २ ओहमचे घे नाहीतर ४ ओहमला जोडून टाकू. ४ ओहमला त्याचा अ‍ॅम्प ३५० वॉट देतो. त्याला वाटलं ६०० चे ३५० झाले म्हणजे आवाज निम्मा झाला. तसं होत नाही बाबांनो. पॉवर दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट जोरात वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ६०० आणि ३५० मधला फरक अडीच डेसिबलसुद्धा नाही. वर ४ ओहमला अ‍ॅम्प थंड राहतो, वायरमध्ये कमी वाया जातं, बॅटरीवर ताण कमी. एका ओहमच्या मागे धावणाऱ्या प्रत्येकाला मी हेच कळकळीने सांगतो, गाडीत रोज गाणी ऐकायची असतील तर ४ किंवा २ ओहमला सुखाने राहा. त्याने ऐकलं, आम्ही प्रत्येक वूफरच्या कॉइल आत सिरीज केल्या आणि बाहेर दोन्ही वूफर पॅरलल. कॉइल आत पॅरलल आणि वूफर एकमेकांशी सिरीज केले तरी ४ ओहमच होतात, पण मी पहिली पद्धत घेतो कारण त्यात प्रत्येक वूफरची स्वतःची वायर अ‍ॅम्पपर्यंत जाते, उद्या एक वूफर काढून ठेवला तरी दुसरा ८ ओहमवर वाजत राहतो, अ‍ॅम्पला धोका नाही.

मीटर कसा लावायचा ते नीट सांगतो, कारण सगळी सुरक्षितता यातच आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो, लॅमिंग्टन रोडला ग्रँट रोड स्टेशनवरून चालत गेलं की ढिगाने मिळतात, नवीन घेताना तिथेच उघडून बघा. डायल २०० ओहमवर ठेवा. आधी मीटरची लाल आणि काळी टोकं एकमेकांना टेकवा, ०.२ ते ०.५ असा काहीतरी आकडा येईल, तो मीटरच्या स्वतःच्या वायरचा, तो नंतर वजा करायचा. मग अ‍ॅम्पमधून वूफरच्या वायर पूर्ण काढून, हे महत्त्वाचं आहे, अ‍ॅम्पला लावलेल्या असताना मोजायचं नाही, त्या दोन टोकांना मीटर लावा, आणि प्रत्येक वूफरची वायर वेगळी आली असेल तर दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र धरून लावा. वूफरच्या कोनला (पुढच्या हलणाऱ्या पडद्याला) हात लावू नका आणि गाडीत गाणी किंवा हालचाल नको, कोन हलला की कॉइल स्वतः वीज तयार करते आणि आकडा नाचतो.

४ ओहमच्या कॉइलला मीटरवर बरोबर ४ येणार नाही, साधारण ३.२ ते ३.८ येतं आणि ते अगदी ठीक आहे. २ ओहमची असेल तर १.६ ते १.९. कारण मीटर डीसीने मोजतो आणि छापलेला आकडा हा वाजतानाचा इम्पिडन्स, म्हणजे एसी करंटला होणारी अडवणूक असते, जी फ्रिक्वेन्सीप्रमाणे सारखी बदलते, बॉक्समध्ये काही सुरांना तर ती कितीतरी वर चढते. आपल्याला फक्त एवढंच बघायचंय की ज्या आकड्याची अपेक्षा आहे त्याच्या जरासा खाली मीटर दाखवतोय ना. ४ ओहमची जोडणी केलीय आणि मीटर ३.५ दाखवतो तर शाबास. ०.९ दाखवतो तर काहीतरी भलतंच जोडलंय. ७ दाखवतो तर एखादा वूफर सुटलेला आहे. नुसता १ किंवा ओएल दाखवतो म्हणजे सर्किट तुटलंय, कॉइल गेली असेल किंवा वायर निघाली असेल. बॉक्स बंद करण्याआधी प्रत्येक कॉइल वेगळी मोजून कागदावर लिहून ठेवा, जुना वूफर विकत घेताना तर हे दुकानातच करा, चोरबाजारातून घेत असाल तर दोनदा करा.

पण मीटरला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे प्लस-मायनस उलटं झालंय का. डीव्हीसीची एक कॉइल चुकून उलटी जोडली तर ओहम बरोब्बर दाखवेल, पण दोन्ही कॉइल एकमेकींच्या विरुद्ध ढकलतील, कोन हलणारच नाही, आणि सगळी पॉवर उष्णता बनून कॉइल भाजून काढेल. आवाज येत नाही म्हणून माणूस व्हॉल्यूम अजून वाढवतो आणि वूफर जातो. यासाठी रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल किंवा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, अ‍ॅम्पला जाणाऱ्या वायरच्या टोकांना क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. कोन बाहेर आला पाहिजे. दोन वूफर असतील तर दोन्ही बाहेर आले पाहिजेत, एक बाहेर आणि एक आत म्हणजे एक उलटा लागलाय, गाडीत बेस एकदम पातळ होईल. फक्त टेकवा आणि काढा, धरून ठेवू नका.

वायरबद्दल. वूफरला दुकानात मिळणारी दोऱ्यासारखी बारीक स्पीकर वायर नको. तांब्याची अडीच स्क्वेअर एमएम किंवा त्याहून जाड घ्या. का ते आकड्यात सांगतो, अडीच स्क्वेअर एमएमच्या तीन मीटर वायरला जायचं-यायचं मिळून साधारण ०.०४५ ओहम होतो. ४ ओहमच्या वूफरसमोर तो एक टक्क्याच्या आसपास, काही नाही. पण १ ओहमसमोर साडेचार टक्के, आणि ते सगळं वायर गरम करण्यात जातं. ओहम जितका कमी तितकी वायर जाड, हा साधा हिशोब.

बॅटरीची वायर हा वेगळाच विषय पण थोडक्यात सांगावाच लागेल. ३५० वॉटला क्लास डी अ‍ॅम्प जोरात वाजताना साधारण ३२ अँपिअर ओढतो, ६०० वॉटला ५४ च्या आसपास. मी ४ गेज शुद्ध तांब्याची वायर वापरतो, म्हणजे जवळजवळ २१ स्क्वेअर एमएम. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपवतात, टोक खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम, ती घ्यायचीच असेल तर एक-दोन माप जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत पाहिजे, तो अ‍ॅम्पसाठी नसतो, वायर कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. अर्थिंगची वायर, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची मायनस वायर, छोटी ठेवा, पॉलिश पेपरने रंग घासून उघड्या पत्र्यावर थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) लावून बोल्टने घट्ट करा. इथल्या पावसात आणि दमट हवेत ती जागा गंजते, म्हणून वर व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा आणि पावसाळा संपला की एकदा उघडून साफ करा. बेस अचानक बारीक झाला म्हणून लोक अ‍ॅम्प बदलतात आणि गंज नुसता त्या एका बोल्टवर असतो. आरसीए वायर, म्हणजे स्टिरिओकडून अ‍ॅम्पला सिग्नल आणणारी वायर, पॉवरच्या वायरच्या विरुद्ध बाजूने न्या, नाहीतर इंजिनाची शिट्टी ऐकू येते.

ज्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, आणि मुंबईत अशा गाड्या किती आहेत ते सांगायला नको, त्यांनी जरा हात जोडून ऐका. टाकीच्या स्टँडला अर्थिंग कधीही घेऊ नका. पॉवरची वायर गॅसच्या पाइपसोबत बांधून नेऊ नका, दोघांत अंतर ठेवा आणि वायर कोरुगेटेड स्लीव्हमधून न्या. खाली काय आहे ते बघितल्याशिवाय ड्रिल मारू नका, खाली पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, गॅसची नळी काहीही असू शकतं. टाकीचा व्हॉल्व्ह झाकला जाईल असा बॉक्स ठेवू नका, प्रसंगाला तिथपर्यंत हात पोहोचला पाहिजे. जागा नसेल तर सीटखाली बसणारा छोटा पॉवर्ड वूफर लावा, त्यात अ‍ॅम्प आणि वूफर कंपनीनेच जुळवलेले असतात, ओहमचं गणितच नको. बेस थोडा कमी मिळेल, मिळू दे.

मामेभावाचा अ‍ॅम्प ट्रॅफिकमध्येच का बंद पडायचा याचं उत्तर अजून द्यायचं राहिलं. गाडी उभी असताना इंजिन आयडलला असतं, अल्टरनेटर हळू फिरतो आणि कमी करंट देतो, वर एसी, हेडलाइट, वायपर चालू. व्होल्टेज १३.८ वरून खाली येतं, आणि रेग्युलेटेड सप्लायचा अ‍ॅम्प तेवढीच पॉवर द्यायला बॅटरीकडून अजून जास्त करंट खेचायला लागतो. डिकीत हवा खेळत नाही, मे महिन्यात तर हात लावता येत नाही. म्हणजे १ ओहमचा भार, कमी व्होल्टेज आणि गरम डिकी, तिन्ही एकाच वेळी. दुकानासमोर संध्याकाळी पाच मिनिटं वाजवून हे कळणार नाही, सायनच्या सर्कलला अर्धा तास अडकल्यावरच कळतं. बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंद होत असतील तर समजा करंट पुरत नाहीये, आवाज कमी करा आणि आधी बॅटरीची टर्मिनल, अर्थिंग बघा.

शेवटी गेन. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, गाडीतल्या स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायचा स्क्रू आहे. वूफर सोडवून ठेवा, बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश. ५० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टला ठेवून अ‍ॅम्पच्या वूफरच्या स्क्रूंना लावा. किती व्होल्ट पाहिजेत? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३५० गुणिले ४ म्हणजे १४००, वर्गमूळ साधारण ३७. गेन खालून हळूहळू वर न्या, मीटर ३७ दाखवेल तिथे थांबा आणि पुन्हा हात लावू नका. वूफरची आरएमएस अ‍ॅम्पपेक्षा कमी असेल तर वूफरचा आकडा धरून गणित करा. इथे ओहम चुकीचा धरला तर सगळं चुकतं, म्हणून गेन नेहमी मीटरने ओहम मोजून झाल्यावरच. लो पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा, पोर्टेड (हवेसाठी भोक असलेला) बॉक्स असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) बॉक्सच्या ट्यूनिंगच्या जरा खाली लावा, नाहीतर खालच्या सुरांना कोन मोकाट सुटतो.

सगळं जोडल्यावर अर्धा तास नेहमीच्या आवाजाला वाजवा, मग अ‍ॅम्पला, फ्यूजच्या डबीला, अर्थिंगच्या बोल्टला हात लावून बघा. अ‍ॅम्प कोमट चालेल, पण एखादी जोडणी गरम लागली तर ती सैल आहे, पुन्हा आवळा. हे काम सोसायटीच्या खाली रात्री करू नका, रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे नियम कडक आहेत आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, एका वूफरला ती ओलांडायला काहीच लागत नाही. आमच्या मजल्यावर एक तान्हं बाळ आहे, आम्ही मामेभावाची गाडी ट्रायलसाठी दुपारी बाहेर नेली होती.

आणि काम झालं की बॉक्सच्या मागे एक पांढरी टेप लावून त्यावर मार्करने लिहून ठेवा, कॉइल कोणती, जोडणी कशी, मीटरवर किती आलं आणि तारीख. मामेभावाच्या बॉक्सवर असं लिहिलंय, दोन डीव्हीसी ४, आत सिरीज बाहेर पॅरलल, मीटर ३.५, गेन ३७ व्होल्ट. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणी डिकी उघडली तर त्याला अंदाज करायची गरज पडणार नाही.